शब्दाची पत : हुतात्मा भाई कोतवाल यांचे नेतृत्व

पुढारी व्हावे असे पुष्कळांस वाटते. परंतु लोकांनी आपल्या मागे कशासाठी यावे, हा प्रश्न स्वतःस विचारणारे थोडेच असतात. आपल्या साजगावच्या विठोबाची यात्रा कार्तिकी एकादशीस भरते. सुक्या मासळीच्या बाजारात जो तो आपला माल ओरडून विकतो आणि नवखे गिऱ्हाईक मोठ्या आवाजाकडे प्रथम वळते. पण ज्याचे माप खरे, त्याचे दुकान गिऱ्हाईक पुढल्या वर्षी शोधीत येते. नेतृत्वाचा न्याय याहून निराळा नाही. आवाजाने माणसे जमतात, पण ती टिकतात मापाने. या सत्याचे उदाहरण शोधण्यास आपणांस दूर जावयास नको. आपल्या शेजारच्या कर्जत तालुक्यात, माथेरानच्या डोंगरावर, आपल्याच नाभिक समाजात ते जन्मास आले. हुतात्मा विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजेच सर्वांचे भाई कोतवाल, यांचे चरित्र त्या दृष्टीने आपल्या तरुण ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे.

भाईंचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरान येथे एका गरीब नाभिक कुटुंबात झाला. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० मध्ये माथेरानचा शोध लावला असे इंग्रजांच्या इतिहासात लिहिले जाते. मात्र त्या रानाच्या वाटा ठाकूर, कातकरी व धनगर यांस त्यापूर्वी पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होत्या. पुढे तेथे बंगले उठले, १९०७ मध्ये नेरळहून छोटी आगगाडी वर चढू लागली आणि थंड हवेसाठी येणाऱ्या धनिकांची वर्दळ वाढली. त्या वर्दळीस ओझी वाहणारे, घोडे धरणारे, रिक्षा ओढणारे आणि दाढी-हजामत करणारे हातही लागत. डोंगरावर बंगले आणि डोंगराखाली वाड्या, असे दोन जगांचे दृश्य भाईंनी बालपणापासून पाहिले. दोन्हींमधले अंतर केवळ चढणीचे नाही, हे त्या मुलास लवकर उमगले असले पाहिजे. पुढील आयुष्यात त्यांनी केलेले प्रत्येक काम ते अंतर कमी करण्याचेच होते.

आपल्या परंपरागत व्यवसायाविषयी येथे दोन शब्द लिहिणे अप्रस्तुत होणार नाही. बारा बलुत्यांत नाभिकाचे काम केवळ वस्तऱ्याचे नव्हते. गावातील निरोप पोहोचविणे, मंगलकार्यात राबणे, घराघरांत जाणे-येणे हे सारे त्याच्याकडे असे. त्याच्यापुढे पाटीलही मान वाकवून बसे आणि मजूरही. बसलेला माणूस मन मोकळे करी व हा ऐकून घेई. ऐकावे सर्वांचे आणि एकाचे दुसऱ्यास सांगू नये, ही त्या कामाची रीत होती. जो समाज आपणांस सेवेकरी म्हणून खालच्या पायरीवर बसवीत आला, त्याच समाजाचे अंतरंग आपल्या पूर्वजांस सर्वांहून अधिक ठाऊक होते. पुढाऱ्याच्या अंगी लागणारा पहिला गुण कान हाच होय. भाईंच्या घराण्याने त्यांस संपत्ती दिली नाही, परंतु कानाचा हा वारसा दिला, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

दारिद्र्याशी झगडत भाईंनी शिक्षण पूर्ण केले आणि ते वकील झाले. त्या काळी आपल्या ज्ञातीतील मुलाने वकिलीची पदवी मिळविणे ही केवढी गोष्ट होती, हे आजच्या पिढीस सांगावयास हवे. मुंबईत राहून स्वतःचा संसार सुखाचा करणे त्यांस शक्य होते आणि कोणीही त्यांस दोष दिला नसता. शिकलेला मुलगा शहरास जातो आणि सणावारी पाहुण्यासारखा गावी येतो, हे तर आपण घरोघर पाहतो. भाई मात्र आपल्या डोंगराकडे परतले. माथेरान नगरपालिकेच्या कारभारात शिरून ते उपाध्यक्षपदापर्यंत पोहोचले. ज्या गावात त्यांच्या घराण्याने लोकांची सेवा केली, त्याच गावाच्या कारभाराच्या खुर्चीवर ते बसले. आणि ती खुर्ची त्यांनी शोभेसाठी वापरली नाही.

येथे भाईंच्या वाणीचा विचार करू. नगरपालिकेत काम करावयाचे तर नियम, कलमे व कागदपत्रे यांची भाषा यावी लागते. ठाकूर-कातकऱ्यांच्या वाडीत काम करावयाचे तर तीच भाषा निरुपयोगी ठरते. तेथे पाऊस, भात, कर्ज आणि जंगल यांच्याच भाषेत बोलावे लागते. पुष्कळ सुशिक्षितांस पहिली भाषा येते आणि दुसरीचा विसर पडतो. काहींस दुसरी येते, पण अधिकाऱ्यापुढे त्यांची जीभ टाळ्यास चिकटते. भाईंनी दोन्हीकडे काम करून दाखविले, त्या अर्थी दोन्ही भाषा त्यांच्या अंगवळणी पडल्या होत्या. कायद्याचा अर्थ शेतकऱ्यास समजावून द्यावा आणि शेतकऱ्याचे दुःख कायद्याच्या शब्दांत मांडावे, हेच खरे वक्तृत्व होय. अलंकारिक भाषणाची त्यास गरज नसते.

त्या काळी कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात गरीब शेतकऱ्याच्या कणगीचा तळ पावसाळ्यापूर्वीच दिसू लागे. पेरणी, लावणी ही सर्वांत कष्टाची कामे नेमकी उपासमारीच्या दिवसांत येत. मग सावकाराकडून खावटीचे भात आणावयाचे आणि पीक आल्यावर दिढीने, कधी दुपटीने परत करावयाचे. खळ्यावरचे भात घरी येण्यापूर्वीच सावकाराच्या घरी जाई आणि पुढल्या पावसाळ्यात पुन्हा तीच पायरी चढावी लागे. सावकारीविरुद्ध आवेशाने बोलणारे तेव्हाही पुष्कळ होते. भाईंनी धान्याच्या पेढ्या काढल्या. अडल्या वेळी शेतकऱ्यास पेढीतून धान्य मिळावे, पीक आल्यावर त्याने ते परत करावे आणि त्यातून पुढच्याची गरज भागावी, अशी ही साधी योजना होती. परंतु ती चालण्यास दोन गोष्टी लागतात. देणाऱ्याचा हिशेब चोख हवा आणि घेणाऱ्यास आपण परतफेड न केल्यास शेजाऱ्याचे मूल उपाशी राहील याची जाणीव हवी. ही जाणीव व्याख्यानाने येत नाही. घराघरांत बसून, एकेकाशी बोलून ती रुजवावी लागते.

धान्याबरोबर त्यांनी अक्षराकडेही लक्ष दिले. माथेरानमध्ये व आसपासच्या खेड्यांत त्यांनी मुलांसाठी शाळा सुरू केल्या आणि त्या चालविण्यासाठी स्वयंसेवक शिक्षक उभे केले. निरक्षर माणूस सावकाराच्या वहीवर अंगठा उठवितो तेव्हा तो काय लिहून देत आहे हे त्यास ठाऊक नसते. पेढी आणि शाळा ही भाईंच्या दृष्टीने एकाच कामाची दोन अंगे असली पाहिजेत. प्रस्तुत लेखकाचे आयुष्य शिक्षकी पेशात गेले असल्याने त्यास हे विशेष जाणवते की गावात शिक्षकावर बसलेला विश्वास हे मोठे भांडवल असते. ते गोळा होण्यास वर्षे लागतात आणि दवडण्यास एक दिवस पुरतो.

हे भांडवल १९४२ मध्ये कसास लागले. ८ ऑगस्ट रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर काँग्रेसने छोडो भारतचा ठराव संमत केला आणि दुसऱ्याच दिवशी पहाटेपासून देशातील सर्व मोठे पुढारी तुरुंगात गेले. वृत्तपत्रांवर निर्बंध आले. आज्ञा देणारे कोणी उरले नाही. ज्या ठिकाणी लोक केवळ मोठ्या नावांच्या मागे होते, तेथे चळवळ गोंधळली. कर्जतच्या बाजूस मात्र माणसे आधीच एकमेकांशी बांधलेली होती. शेतकरी व त्या स्वयंसेवी शाळांचे शिक्षक यांतूनच भाईंचे सुमारे पन्नास जणांचे दल उभे राहिले. ते पुढे कोतवाल दस्ता म्हणून ओळखले गेले. वकिली, पद व संसार मागे ठेवून भाई भूमिगत झाले.

दलाने काय करावयाचे ठरविले, हे खोपोली-साजगावकरांस चांगले उमजेल. लोणावळ्याच्या वर अडविलेले पाणी घाटातून नळांनी खाली येते आणि खोपोलीच्या वीजघरात वीज तयार होते. टाटांचे हे वीजघर १९१५ मध्ये सुरू झाले. त्यामागून १९२२ मध्ये कर्जतजवळ भिवपुरीचे वीजघर सुरू झाले. ही वीज उंच लोखंडी मनोऱ्यांवरील तारांतून मुंबईस जाई आणि तिच्यावर तेथील गिरण्या व कारखाने चालत. महायुद्धाच्या त्या वर्षांत ही चाके थांबणे म्हणजे सरकारचा हात जखडणे होते. मनोरे रानावनांतून, डोंगरउतारावरून जात. तेथील प्रत्येक पायवाट दलातील लोकांच्या पायाखालची होती. सप्टेंबर ते नोव्हेंबर १९४२ या काळात दलाने एकामागून एक मनोरे पाडले आणि मुंबईपर्यंत त्याचा हादरा बसला.

या अवधीतील भाईंचे नेतृत्व बारकाईने पाहण्यासारखे आहे. पूर्वी ते लोकांस समजावून सांगत. आता कमी बोलण्यातच सर्वांचा जीव होता. निरोप मोजक्या शब्दांचा, योग्य माणसाकडे आणि वेळेवर गेला पाहिजे. ज्याने निरोप न्यावयाचा, त्याच्यावर तो दोनदा विचारण्याची पाळी येता कामा नये. सरकारने भाईंस पकडून देणाऱ्यास इनाम लावले, तरी अर्धपोटी माणसांनी कित्येक आठवडे त्यांस लपविले, भाकरी दिली. इनामाची रक्कम त्या माणसांच्या दृष्टीने डोळे दिपविणारी होती. पण अडल्या पावसाळ्यात धान्य देणारा हात त्यांच्या आठवणीत होता. भाईंच्या शब्दाची पत धान्याच्या मापाने आधीच ठरून गेली होती.

अखेर पोलिसांस ठावठिकाणा कळला. मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या अरण्यात दलाचा मुक्काम असता २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे पोलिसांनी घेरले. गोळीबारात मानिवली गावचे हिराजी पाटील आणि भाई कोतवाल यांस वीरमरण आले. भाईंनी वयाची तिशी नुकतीच ओलांडली होती.

हिराजी पाटील यांचे नाव येथे मुद्दाम लिहिले आहे. भाई आपल्या समाजाचे भूषण खरेच. आपल्या ज्ञातीच्या स्मरणिकेत त्यांचे चरित्र यावे हेही योग्यच. परंतु भाई केवळ आपले, असे आपण म्हणू लागलो तर त्यांस लहान करू. त्यांच्या पेढीतील धान्य जात विचारून दिले जात नव्हते, आणि सिद्धगडावर त्यांच्या शेजारी जो पडला तो आपल्या ज्ञातीतला नव्हता. ज्ञातिसंस्थेने घडवावयाचे ते असे पुढारी, की ज्यांस आपल्या ज्ञातीबाहेरची माणसेही आपले म्हणतील. आज माथेरान नगरी भाईंच्या नावाने ओळखली जाते, सिद्धगडावर दरवर्षी २ जानेवारीस लोक अभिवादनास जमतात आणि २०२० मध्ये त्यांच्या जीवनावर मराठी चित्रपटही आला. हे सारे स्मरण सर्व समाजांचे आहे.

आपल्या मंडळातील तरुणांस आज बोलण्याची साधने विपुल आहेत. ध्वनिक्षेपक आहेत, फलक आहेत, आणि हातातील फोनवरून एका क्षणात शेकडो घरी संदेश जातो. त्यांनी ती अवश्य वापरावीत. परंतु संदेश पाठविण्यापूर्वी तो घेणाऱ्याच्या उंबऱ्यावर आपण कधी गेलो होतो का, हे स्वतःस विचारावे. विद्यार्थ्यांच्या पुस्तकांचा निधी, आजाऱ्यास मदत, विधवा भगिनींच्या मुलांचे शिक्षण, यांपैकी एक तरी काम हिशेब चोख ठेवून तीन वर्षे चालवावे. मग सभेत बोलावयास उभे राहावे. शब्द थोडे असले तरी लोक ते ऐकतील. भाई कोतवाल यांस याहून उचित आदरांजली आपल्या मंडळाकडून दुसरी कोणती होणार?