पेटी पुसली तरी माश्या मरतच होत्या : पॉल म्युलर

पॉल म्युलर यांचा जन्म १८९९ चा, स्वित्झर्लंडमधल्या ओल्टनचा. गायगी कंपनीतले हे रसायनशास्त्रज्ञ काचेच्या पेटीत माश्या सोडून एकेक रसायन तपासायचे. चार वर्षं, शेकडो रसायनं, हाती काहीच नाही. १९३९ मध्ये डीडीटीची पाळी आली. माश्या मेल्या. नवल पुढेच होतं : पेटी पुसली तरी नव्या माश्याही मरत होत्या!

मग बटाट्यावरच्या कोलोरॅडो भुंग्यावर चाचणी झाली. युद्धानंतर अमेरिकेत मका पोखरणाऱ्या अळीवरही डीडीटी फवारलं गेलं. टायफसच्या उवा आणि मलेरियाचे डास मारणाऱ्या या शोधासाठी, वैद्यक न शिकलेल्या म्युलर यांना १९४८ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

१९६५ मध्ये ते वारले. पेटीतून न जाणारं ते विष माती-पाण्यातूनही जाईना, म्हणून १९७२ मध्ये अमेरिकेने शेतीत ते बंद केलं.