एका पायावर ५,३७३ किलोमीटर : कॅन्सरसाठी धावलेला टेरी फॉक्स

शेगाव : जूनच्या शेवटी श्रींची पालखी पंढरीच्या वाटेवर असते. शेगावहून निघालेले वारकरी महिनाभर चालून सुमारे सातशे किलोमीटरची वाट कापतात. पायी चालणं म्हणजे काय, हे आपल्या भागात कोणाला समजावून सांगायची गरज नाही. याच दिवसांत, २८ जूनला, कॅनडातल्या एका पोराचा स्मृतिदिन येतो. त्याचं नाव टेरी फॉक्स. एक पाय कापलेला असताना हा गडी कॅन्सरच्या संशोधनासाठी पैसा जमवायला निघाला आणि १४३ दिवस रस्त्यावर धावला. आज कॅन्सरसाठी जगभर ज्या दौडी होतात, त्यातली एक मोठी दौड त्याच्या नावाने आहे.

रेल्वे कामगाराचा मुलगा

टेरीचा जन्म २८ जुलै १९५८ चा, कॅनडातल्या विनिपेग शहरातला. वडील रेल्वेत कामाला, आई बेट्टी घर सांभाळणारी. चार भावंडांत टेरी दुसरा. पुढे हे कुटुंब देशाच्या पश्चिम टोकाला, पोर्ट कोक्विटलम या गावी राहायला गेलं.

पोराला बास्केटबॉलचं वेड होतं, पण उंची कमी आणि खेळही बेताचाच. शाळेतल्या सरांनी त्याला बास्केटबॉल सोडून लांब पल्ल्याचं धावणं करायला सांगितलं. धावणं त्याला आवडत नव्हतं, तरी सरांचा शब्द मोडायचा नाही म्हणून तो धावू लागला. बास्केटबॉलही सोडला नाही. सुट्टीत, शाळेच्या आधी, जमेल तेव्हा सराव करायचा. शेवटच्या वर्षी शाळेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याची आणि त्याचा जिवलग मित्र डग अल्वर्ड याची एकत्र निवड झाली. नंतर सायमन फ्रेझर विद्यापीठात प्रवेश घेतला. खेळाचा शिक्षक व्हायचं, असं त्याच्या मनात होतं.

गुडघा दुखतो म्हणून दुर्लक्ष

नोव्हेंबर १९७६ मध्ये टेरीची गाडी पुढच्या गाडीवर आदळली. गाडीचं नुकसान झालं, त्याचा मात्र फक्त उजवा गुडघा दुखावला. पुढे डिसेंबरात गुडघा परत दुखू लागला, पण खेळाचा हंगाम संपू दे, मग बघू, असं म्हणून त्याने अंगावर काढलं. मार्च १९७७ मध्ये दुखणं सहन होईना, तेव्हा दवाखान्यात गेला. तपासणीत हाडाचा कॅन्सर निघाला.

आपल्याकडे मार लागला म्हणून गाठ झाली, असं सर्रास बोललं जातं. टेरीलाही अपघाताचाच संशय होता. डॉक्टरांनी मात्र त्याचा कॅन्सरशी संबंध नसल्याचं सांगितलं. हा कॅन्सर वाढत्या वयातल्या मुलामुलींमध्ये जास्त दिसतो, आणि बऱ्याचदा गुडघ्याच्या आसपासच होतो.

टेरीचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. वय अवघं १८ वर्षं. ऑपरेशनच्या आदल्या रात्री त्याच्या जुन्या प्रशिक्षकाने एक मासिक आणून दिलं. त्यात नकली पाय लावून न्यूयॉर्कची मॅरेथॉन पूर्ण करणाऱ्या डिक ट्रॉम या माणसाची माहिती होती. ती गोष्ट टेरीच्या डोक्यातून गेली नाही.

पैसा संशोधनालाच का?

पुढचे १६ महिने किमोथेरपी चालली. केस गेले, अंगातली ताकद गेली. पण त्याला जास्त लागलं ते वॉर्डातलं चित्र. शेजारच्या खाटांवर त्याच्यासारखीच तरणीताठी पोरं होती. काही बरी होऊन घरी जायची, काही जायची नाहीत.

डॉक्टरांनी त्याला जगण्याची शक्यता निम्मी सांगितली होती. दोनच वर्षांपूर्वी हाच रोग झाला असता, तर ती शक्यता फक्त १५ टक्के होती. मधल्या काळात औषधं सुधारली, म्हणून एवढा फरक पडला. आपण जिवंत आहोत ते कोणीतरी आधी संशोधनाला पैसा दिला म्हणून, हे टेरीच्या मनात पक्कं बसलं. पुढचा पेशंट वाचायचा असेल तर आज पैसा उभा करावा लागेल, हा त्याचा हिशेब होता. आपल्याला काही मिळावं, हा विचार त्यात नव्हता.

रात्रीचा सराव, आईचा विरोध

टेरी आधी व्हीलचेअरवरचं बास्केटबॉल खेळला आणि त्यात राष्ट्रीय स्पर्धाही जिंकला. मग नकली पायावर पळायला सुरुवात केली. पहिल्यांदा काही पावलांतच दम लागायचा. पाय जिथे कापला होता तिथली कातडी सोलायची, रक्त यायचं. चांगल्या पायाचीही हाडं दुखायची. असा १४ महिने सराव केला.

ऑगस्ट १९७९ मध्ये प्रिन्स जॉर्ज गावच्या २७ किलोमीटरच्या शर्यतीत तो सगळ्यांच्या शेवटी आला. तरी शर्यत पूर्ण झाली, हेच त्याला पुरेसं होतं. मग त्याने घरी सांगितलं, की आपण अख्खा कॅनडा धावत पार करणार. आईला हे अजिबात पटलं नाही. कोणत्या आईला पटेल? पण पोराचा हट्ट बघून शेवटी ती तयार झाली.

त्याने कॅन्सर सोसायटीला आणि कंपन्यांना पत्रं लिहिली. कोणी गाडी दिली, कोणी इंधन, कोणी बूट. जाहिरात करण्याच्या अटीवर पैसा देऊ म्हणणाऱ्यांना त्याने नकार दिला. या कामातून कोणाचा धंदा होऊ नये, एवढीच त्याची अट होती.

अटलांटिकपासून सुरुवात

१२ एप्रिल १९८० रोजी कॅनडाच्या पूर्व टोकाला, सेंट जॉन्स येथे टेरीने नकली पाय अटलांटिक महासागराच्या पाण्यात बुडवला आणि धावायला सुरुवात केली. बाटलीत तिथलं पाणी भरून घेतलं. पश्चिमेला पॅसिफिक महासागरात ते ओतायचं ठरलं होतं.

रोजचं धावणं साधारण ४२ किलोमीटर. म्हणजे जवळपास शेगाव ते अकोला, आणि दुसऱ्या दिवशी परत तेवढंच. पहाटे अंधारात उठायचं आणि निघायचं. मागून मित्र डग गाडी चालवायचा, स्वयंपाक करायचा, पाणी द्यायचा. सुरुवातीला वारा, पाऊस, बर्फ. रस्त्यावर बघायला माणसं नाहीत आणि पैसाही येत नव्हता. दमलेल्या दोघा मित्रांत एवढे खटके उडाले, की बोलणंच बंद पडायची वेळ आली. मग टेरीचा १७ वर्षांचा धाकटा भाऊ डॅरेल सोबतीला आला, तेव्हा कुठे वातावरण निवळलं.

पण पोर्ट ऑ बास्क नावाच्या छोट्या गावाने कमाल केली. गावची वस्ती १० हजार, आणि गावकऱ्यांनी गोळा केले १० हजार डॉलर. माणशी एक डॉलर. टेरीचं आधीचं लक्ष्य होतं १० लाख डॉलर. पुढे त्याने ते बदललं. देशाची लोकसंख्या तेव्हा सुमारे २ कोटी ४० लाख होती. प्रत्येकाने एक डॉलर द्यावा, असं त्याने मागणं केलं.

ओंटारिओ प्रांतात शिरल्यावर चित्र पालटलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी लोक उभे राहू लागले. टोरंटोत ११ जुलैला १० हजार माणसं जमली. एका हॉटेल कंपनीचे मालक इसाडोर शार्प यांचा मुलगा कॅन्सरने गेला होता. त्यांनी दर मैलाला दोन डॉलर जाहीर केले आणि इतर कंपन्यांनाही पुढे यायला सांगितलं.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र अनुकरण करण्यासारखी नाही. वाटेत नियमित तपासणी करून घ्यायला टेरी तयार नसायचा. दुखणं लपवून पळत राहायचा.

१ सप्टेंबर १९८०

थंडर बे शहराजवळ त्याला खोकला सुरू झाला, छातीत कळ आली. बाजूला लोक टाळ्या वाजवत उभे होते, म्हणून तो आणखी थोडं पळाला. माणसांची रांग संपली तेव्हा गाडीत बसला आणि डगला दवाखान्यात न्यायला सांगितलं. कॅन्सर फुप्फुसात पोहोचला होता.

१४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाले होते. आपल्याकडे धरायचं तर श्रीनगरहून कन्याकुमारीपर्यंत जाऊन साधारण अर्ध्या वाटेने परत येण्याएवढं अंतर. तोवर १७ लाख डॉलर जमले होते. तो थांबल्याची बातमी आली आणि देश हलला. आठवड्याभरात एका टीव्ही वाहिनीच्या कार्यक्रमातून १ कोटी ५ लाख डॉलर उभे राहिले. फेब्रुवारी १९८१ पर्यंत आकडा २ कोटी ४० लाखांच्या पुढे गेला. माणशी एक डॉलर पूर्ण झाला, आणि ते बघायला टेरी जिवंत होता.

२८ जून १९८१ रोजी पहाटे टेरी गेला. तेविसावा वाढदिवस एका महिन्यावर होता.

दौड थांबली नाही

त्याच वर्षी १३ सप्टेंबरला त्याच्या नावाने पहिली दौड झाली. ३ लाख लोक उतरले, ३५ लाख डॉलर जमले. आजवर या दौडींतून ८५ कोटी डॉलरपेक्षा जास्त पैसा कॅन्सर संशोधनासाठी उभा राहिला आहे. टेरीची आई बेट्टी २०११ मध्ये वारली, तोवर ती गावोगावी, शाळाशाळांत जाऊन मुलांना हे सांगत राहिली.

या दौडीत पहिला नंबर, दुसरा नंबर नसतो. धावा, चाला, सायकलवर या, लेकरू कडेवर घेऊन या. मुंबईतही ही दौड झालेली आहे आणि तिचा पैसा परळच्या टाटा मेमोरियलमधल्या संशोधनाला गेला आहे. १९४१ मध्ये सुरू झालेल्या याच टाटा रुग्णालयाकडे आपल्या भागातले पेशंट शेगाव स्टेशनवरून रेल्वेत बसून जातात. तिथे मिळणारी औषधं आणि उपचार अशाच संशोधनातून, आधीच्या पेशंटच्या अनुभवातून तयार झालेले आहेत. टेरीच्या वेळी पाय कापण्यावाचून इलाज नव्हता. आज याच रोगात बऱ्याच पेशंटचा पाय वाचवता येतो, पण त्यासाठी रोग लवकर सापडायला हवा.

म्हणून घरातल्या वाढत्या मुलाचं किंवा मुलीचं हाड आठवडेच्या आठवडे दुखत असेल, रात्री दुखणं वाढत असेल, सूज किंवा गाठ दिसत असेल, तर खेळताना लागलं असेल म्हणून नुसतं तेल लावत बसू नका. बहुतेक वेळा काही मोठं निघत नाही. तरीही डॉक्टरांना दाखवून एक्स-रे काढून घ्या. टेरीचे डिसेंबर ते मार्च हे महिने असेच गेले होते.