अंगणात उतरलेली शाळा : पद्मभूषण ताराबाई मोडक

आपल्या घिवलीपासून उत्तरेस, डहाणूच्याही पुढे, समुद्रकाठी बोर्डी हे गाव आहे. आज देशभर गावोगावी दिसणाऱ्या अंगणवाडीचे मूळ या गावातील पाड्यांत आहे, हे आपल्यापैकी अनेकांस ठाऊक नसेल. ते बीज पेरणाऱ्या ताराबाई मोडक यांचे पुण्यस्मरण सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी उचित ठरेल.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत, प्रार्थना समाजाच्या विचारांत वाढलेल्या केळकर कुटुंबात झाला. स्त्रीशिक्षण दुर्मीळ असलेल्या त्या काळात १९१४ साली त्या पदवीधर झाल्या. वैवाहिक जीवनातील दुःख बाजूस सारून त्यांनी राजकोट येथे स्त्री-शिक्षिकांच्या प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्यपद भूषविले. मानाचे ते पद सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालशिक्षणाच्या कार्यात सहभागी झाल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली आणि पुढे १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाले.

शहरातील सुस्थित घरांची मुले शिकू लागली. परंतु खेड्यातील दरिद्री मुलांचे काय, हा प्रश्न ताराबाईंना स्वस्थ बसू देईना. १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या बोर्डीस आल्या. अनुताई वाघ यांच्यासारखी समर्पित सहकारी त्यांना येथेच लाभली.

बालवाडी उघडली, पण वस्तीतील मुले येईनात. कोणी धाकट्या भावंडास सांभाळी, कोणी गुरे राखी. आम्हा व्यापाऱ्यांना गिऱ्हाईकाने पेढीची पायरी चढून येण्याची सवय असते. गरजू माणूस मात्र पायरी चढत नाही. संकोच, अंतर आणि पोटाची चिंता त्याला अडविते. हे ओळखून ताराबाईंनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. आधी मुलांना स्वच्छ करायचे, मग गाणी, गोष्टी आणि खेळ. महागड्या साधनांच्या जागी शिंपले, बिया, पाने व खडे आले. पुढे कोसबाडच्या टेकडीवर हे कार्य स्थिरावले. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी तेथे आकारास आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शिक्षक थेट कुरणात जाऊ लागले. १९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण किताब मिळाला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे देहावसान झाले.

त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली. सहा वर्षांखालील बालके, गर्भवती आणि स्तनदा माता यांना पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि शाळापूर्व शिक्षण वस्तीतच मिळावे, ही त्यामागील दृष्टी होती. तिच्या केंद्रास अंगणवाडी हेच नाव लाभले. आज देशात १३ लाखांहून अधिक अंगणवाड्या आहेत. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने तेथील आहार हा बालकांचा आणि मातांचा हक्क ठरला. एका संस्थेची पुण्याई काही पाड्यांपुरती असते. तीच शासनाचे धोरण झाली की कोट्यवधी घरांपर्यंत पोहोचते.

तथापि केवळ योजना असल्याने मूल वाचत नाही. १९९२-९३ मध्ये आपल्याच भागातील जव्हार तालुक्यात, वावर-वांगणी परिसरात, कुपोषणाने बालके दगावली. त्या वेळी योजनेस सतरा वर्षे झाली होती. पैसा, आदेश आणि नोंदवह्या असूनही शेवटच्या पाड्याचे अंगण दूरच राहिले होते. त्यानंतर राज्यात प्रयत्न वाढले. २०१५ पासून आदिवासी भागातील गर्भवती व स्तनदा मातांसाठी अंगणवाडीतून एक वेळचा चौरस आहार देणारी अमृत आहार योजनाही आली. परंतु ताराबाईंनी घालून दिलेली कसोटी आजही तीच आहे : मदत गरजूच्या दारापर्यंत गेली काय?

शासन निधी देते. त्यावर लक्ष ठेवणे आणि उणे तेथे हातभार लावणे हे समाजाचे काम आहे. सुवर्णमहोत्सवी वर्षात आपण प्रत्येकाने जवळच्या एखाद्या अंगणवाडीत जाऊन मुलांच्या ताटात काय पडते, वजनकाटा चालतो काय आणि सेविकाताईंना काय हवे, एवढे तरी विचारावे. देणगीची पावती फाडण्यापूर्वी अंगणात पाऊल ठेवावे. ताराबाईंच्या पुण्यस्मृतीस तेच खरे अभिवादन ठरेल.