आजारी देह, अखंड काम आणि माईसाहेब

६ डिसेंबरला आपण बाबासाहेबांच्या कष्टांना वंदन करतो. हे कष्ट त्यांनी आजारी शरीराने उपसले आणि त्याची झळ त्यांच्या घरालाही बसली, हे मात्र आपण फारसे बोलत नाही.

२७ मे १९३५ रोजी माता रमाई गेल्या. गरिबी, चार लेकरांचे मृत्यू आणि स्वतःचे आजारपण सोसत त्यांनी संसार सांभाळला होता. त्यानंतर जवळपास तेरा वर्षे बाबासाहेब एकटेच राहिले. राज्यघटनेच्या मसुद्याचे काम चालू असताना मधुमेह बळावला होता. पायांच्या वेदनांमुळे रात्ररात्र झोप लागत नसे. मुंबईत डॉ. मालवणकरांकडे उपचार घेताना तेथे काम करणाऱ्या डॉ. शारदा कबीर यांच्याशी त्यांचा परिचय वाढला. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत त्यांचा विवाह झाला आणि त्या सविता आंबेडकर, आपल्या माईसाहेब झाल्या.

या संसारात पत्नीच डॉक्टर होती. पथ्यपाणी, औषधे, विश्रांती हे सगळे त्यांनाच पाहावे लागे. बाबासाहेबांना विश्रांती मिळावी म्हणून भेटायला येणाऱ्यांना आवर घालावा लागे. दुरून आलेला कार्यकर्ता दारातून परतला की राग माईसाहेबांवर निघे. आजार बाबासाहेबांचा, बोल मात्र माईसाहेबांना.

काम थांबले नाही. हिंदू कोड बिल, मंत्रिपदाचा राजीनामा, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे लेखन आणि १४ ऑक्टोबर १९५६ ची नागपूरची धम्मदीक्षा. तेथे माईसाहेबांनीही त्यांच्यासोबत दीक्षा घेतली. ५ डिसेंबरच्या रात्रीही बाबासाहेब ग्रंथाच्या प्रस्तावनेचे काम करत होते. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

त्यानंतर माईसाहेबांवर संशय घेतला गेला. सरकारी चौकशीत मृत्यू नैसर्गिक असल्याचे निष्पन्न झाले, तरी त्या अनेक वर्षे चळवळीपासून दूर एकाकी राहिल्या. २००३ मध्ये त्यांचे निधन झाले.

बाबासाहेबांपुढे कोट्यवधींच्या मुक्तीचे काम होते आणि वेळ थोडा होता. आपल्यातले अनेक कार्यकर्ते मात्र साखर, रक्तदाब अंगावर काढत मोर्चे आणि सभा करतात. औषधाची वेळ, घरखर्च, मुलांच्या शाळा, सगळे पत्नीच्या माथी. तिने थांबा म्हटले की ती चळवळीच्या आड येते असे आपणच म्हणतो. तपासणी वेळेवर करा, काम वाटून घ्या आणि घरातल्या माणसाचे ऐका. बाबासाहेबांचे काम पुढे न्यायचे तर माईसाहेबांवर झालेला अन्याय आपल्या घरात पुन्हा होता कामा नये.

जय भीम! नमो बुद्धाय!