बाजेचे दोर

गाणगापूरला मी पुष्कळदा गेलो, पण वाटेतल्या गुलबर्ग्याच्या दर्ग्याकडे पावलं वळायला सत्तरी यावी लागली. सद्गुरूंनी देह ठेवल्याला तेव्हा वर्ष झालं होतं. त्यांच्या पादुका दुसऱ्या गुरुबंधूकडे गेल्या, म्हणून मी मनात धुसफुसत होतो. खोटं कशाला बोलू?

दर्ग्यात ख्वाजा बंदेनवाज विसावले आहेत. मूळ नाव सय्यद मुहम्मद हुसैनी, जन्म दिल्लीत १३२१ साली. तुघलकाने दौलताबादेला राजधानी नेली तेव्हा हे पोरही आईवडिलांबरोबर आलं. वडिलांची कबर खुलताबादला आहे. (याच दौलताबादेत पुढे जनार्दनस्वामींनी नाथांना घडवलं.) पोरगा दिल्लीला परतला आणि नसिरुद्दीन चिराग देहलवींच्या चरणी लागला.

एकदा म्हणे गुरूंची पालखी खांद्यावर असताना याचे लांब केस तिच्यात अडकले. सोडवायला थांबलं तर गुरूंचा खोळंबा. तसाच वेदना सोशीत चालत राहिला. तेव्हापासून नाव पडलं गेसूदराज, लांब केसांचा.

१३५६ मध्ये गुरू गेले. परंपरेने आलेला झगा, काठी, जपमाळ, कटोरा, लाकडी खडावा, सगळं त्यांच्या इच्छेनुसार त्यांच्याबरोबरच पुरलं. कुणालाच काही नाही! गेसूदराजांनी गुरूंच्या देहाला स्नान घातलं होतं. त्या बाजेचे दोर सोडून त्यांनी गळ्यात घातले आणि तेच आपलं गुरुवस्त्र मानलं, असं सांगतात.

पुढे चाळीसेक वर्षं दिल्लीत अध्यापन, अरबी-फारसीत ग्रंथलेखन, कुराणावर भाष्य. १३९८ मध्ये तैमूर चालून आला आणि सत्त्याहत्तराव्या वर्षी दिल्ली सुटली. गुजरात, दौलताबाद करीत ते गुलबर्ग्याला आले. फिरोजशहा बहमनीने आधी मोठा मान दिला. पण आपल्या मुलाच्या गादीसाठी त्याने आशीर्वाद मागितला, तो काही यांनी दिला नाही. कौल सुलतानाच्या भावाकडे, अहमदकडे होता. मग किल्ल्याजवळची जागा सोडावी लागली. १४२२ मध्ये अहमदच सुलतान झाला, आणि त्याच वर्षी ख्वाजांनी देह ठेवला. पुढे अहमदाने राजधानी नेली ती बेदरला, गुरुचरित्रातल्या यवन राजाच्या गावी.

त्या दिवशी संध्याकाळी गाणगापुरात निर्गुण पादुकांसमोर उभा राहिलो. हात जोडले, पण डोळ्यांपुढून ते दोर हलेनात. परतल्यावर पहिलं काम केलं ते गुरुबंधूच्या घरी जायचं. वर्षभर मी त्याच्या दारात पाऊल टाकलं नव्हतं.