अंगणात नेलेली शाळा : ताराबाई मोडक



मूल अडीच-तीन वर्षांचे झाले की आपल्या धर्मग्रामातील आईवडिलांपुढे एकच प्रश्न असतो, कोणत्या माध्यमात घालायचे? इंग्रजी आले नाही तर मूल मागे पडेल ही भीती खरी आहे, तिला हसण्याचे कारण नाही. पण ज्या बाईंनी महाराष्ट्रात बालशिक्षणाचा पाया घातला, त्या स्वतः उत्तम इंग्रजी शिकलेल्या होत्या, अनेक वर्षे परक्या भाषेत काम करीत होत्या, आणि तरीही लहान मुलाच्या घरच्या बोलीपाशी येऊन थांबल्या. त्यांची ही ओळख.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते, त्यामुळे मुलींच्या शिक्षणाला घरात विरोध नव्हता. १९१४ साली ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. झाल्या. त्या काळी पदवीधर स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. पुढे अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी विवाह झाला, पण संसार टिकला नाही. लहान मुलीला घेऊन त्या बाहेर पडल्या. शंभर वर्षांपूर्वी असे पाऊल उचलणाऱ्या बाईला समाजाने काय काय ऐकवले असेल, ते मी लिहायला नको.

राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजात त्या प्राचार्य झाल्या. पगार, मान, बंगला, सगळे होते. ते सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या. गिजुभाई मूळचे वकील. मादाम मॉन्टेसरींचे विचार वाचून त्यांनी वकिली सोडली होती आणि दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० साली बालमंदिर काढले होते.

मारिया मॉन्टेसरी या आपल्याच कॅथलिक परंपरेतल्या. पेशाने डॉक्टर. १९०७ साली रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी पहिले बालगृह उघडले. मूल हाताळून, पाहून, वास घेऊन शिकते. शब्द त्यानंतर येतो, हे त्यांनी दाखवून दिले. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्विनास यांची शिकवण आम्हाला घोकावी लागे, की बुद्धीत जे जाते ते आधी इंद्रियांच्या दारातून जाते. ती बालवाडीतील चार मण्यांवरून जितकी लवकर समजते तितकी ग्रंथावरून समजत नाही, असे मला वाटते.

मराठी घरातल्या ताराबाई आता गुजरातीत बोलू, शिकवू आणि लिहू लागल्या. १९२६ मध्ये गिजुभाईंसह त्यांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. संघाची ‘शिक्षणपत्रिका’ आधी गुजरातीत निघे, १९३३ पासून ती ताराबाईंनी मराठीत काढली. परकी भाषा मोठेपणी कष्टाने अंगी बाणवता येते, हे त्या स्वतःच्या अनुभवाने जाणत होत्या. पण तीन वर्षांच्या मुलाला पहिल्याच दिवशी परक्या शब्दांत बसवले तर ते गप्प होते, आणि गप्प मूल मठ्ठ ठरवले जाते. म्हणून मॉन्टेसरींची पद्धत त्यांनी जशीच्या तशी उचलली नाही. परदेशी महाग साधनांच्या जागी शिंपले, बिया, पाने, मणी आणले. गाणी, गोष्टी आणि नाच आपल्या मातीतले घेतले.

१९३६ साली त्या मुंबईला आल्या आणि दादरला शिशुविहार सुरू केले. तेथे शिकलेल्या घरांतली मुले येत. काम नावारूपाला आले होते. इथेच थांबल्या असत्या तरी त्यांचे नाव राहिले असते. पण मन त्यात राहीना. ज्यांना गरज जास्त, ती मुले या दारापर्यंत येतच नव्हती.

१९४५ च्या अखेरीस, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. सोबत अनुताई वाघ होत्या. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य आलेल्या अनुताई पुढे शिक्षिका झाल्या होत्या. बोर्डीत बालवाडी निघाली, पण दलित वस्तीतली मुले येईनात. आणायला गेले तर लपत, पळत. तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. शिक्षिका वस्तीत जात, मुलांना आंघोळ घालीत, नखे काढीत, केस विंचरीत, मग गाणी आणि खेळ. शिकवणे सगळ्यात शेवटी. अंगणातली वाडी, म्हणून अंगणवाडी.

१९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. हा भाग आज पालघर जिल्ह्यात आहे. येथे अडचण दुहेरी होती. गरिबी तर होतीच, शिवाय वारली मुलांच्या घरची बोली वेगळी, पुस्तकातील मराठी वेगळी. मोठी मुले गुरे राखायला जात, मुली धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन बसत. ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही. गुरे कुरणात आहेत ना, मग शाळा कुरणात नेली. तिला कुरणशाळा म्हणत. आणि पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. तिचे नाव विकासवाडी. कडेवरचे भावंड पाळणाघरात, मधले बालवाडीत, ताई वर्गात. कल्पना किती साधी!

हे वाचताना मुळा कारखान्याचा गळीत हंगाम आठवल्याशिवाय राहत नाही. ऊसतोडीच्या कोप्यांपुढे धाकट्याला सांभाळत बसलेली आठ वर्षांची मुलगी आपण सर्वांनी पाहिली आहे. त्यांतल्या कित्येकांची घरची भाषा बंजारा आहे. ती मुले वर्गात अबोल असतात, ती डोके नसते म्हणून नव्हे.

१९६२ मध्ये सरकारने ताराबाईंना पद्मभूषण दिले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. अनुताई १९९२ पर्यंत, अखेरच्या श्वासापर्यंत, त्याच परिसरात राबल्या. १९८२ साली त्यांच्या सहभागाने ग्राममंगल ही संस्था उभी राहिली आणि डहाणू भागात वारली मुलांच्या बोलीला वर्गात मानाने जागा देत काम करू लागली. अलीकडे वाडा तालुक्यातील क्वेस्ट ही संस्थाही अंगणवाडी सेविकांसोबत लहान मुलांच्या भाषेवर काम करते. या लोकांचा विरोध इंग्रजीला नाही, प्रमाण मराठीला तर मुळीच नाही. घरची बोली हा हाताशी असलेला खांब, त्याला धरून दुसरी भाषा चढवायची, एवढाच त्यांचा आग्रह. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिक्षण द्यावे असे म्हटले आहे.

ताराबाईंच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली. तिच्या केंद्रांना नाव मिळाले अंगणवाडी. आपल्या वाड्यावस्त्यांवरच्या पाट्यांवर तोच शब्द आहे. स्थलांतरित कुटुंबातील सहा वर्षांखालील मुलाला ते ज्या गावी असेल तेथील अंगणवाडीत आहार आणि लस मिळू शकते. हंगामात आपल्या शेतावर टोळी उतरली, की मुकादमाला आणि मुलांच्या आयांना हे सांगावे, आणि जवळची अंगणवाडी कोठे भरते तेही दाखवावे.