मारिया युदिना

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असे चिटणीसबाई म्हणाल्या तेव्हा मी लोणच्याची कृती देणार होते. पण एका रशियन बाईंनी माझ्या मनात घर केले आहे, त्यांच्याविषयीच चार शब्द लिहिते.

मारियाबाईंचा जन्म १८९९ साली नेवेल या लहानशा गावी एका ज्यू डॉक्टरांच्या घरी झाला. पियानो शिकायला त्या पेत्रोग्राडच्या संगीत विद्यालयात गेल्या. पुढे जगप्रसिद्ध झालेले शोस्ताकोविच त्यांचे सहाध्यायी. १९१९ मध्ये बाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, १९२१ मध्ये शिक्षण पुरे केले आणि तिथेच शिकवू लागल्या.

तो काळ असा, की देवाचे नाव घेतलेले सरकारला खपत नसे. बाईंनी आपली श्रद्धा लपवली नाही. १९३० साली नोकरी गेली. मॉस्कोच्या विद्यालयातली १९५१ मध्ये गेली, ग्नेसिन संस्थेतली १९६० मध्ये. देव मनातल्या मनात म्हटला असता तर काय बिघडले असते, असे मला पहिल्यांदा वाटले. आता तसे वाटत नाही.

संसार मात्र नशिबी नव्हता. ज्यांच्याशी लग्न ठरले ते किरिल साल्तिकोव १९३९ मध्ये डोंगर चढताना वारले. बाईंनी पुन्हा लग्नाचा विचार केला नाही, पण त्यांच्या आईला मात्र सांभाळले. न झालेल्या सासूचे करणे! आपल्यापैकी कितीजणींनी केले असते?

लेनिनग्राडला शत्रूचा वेढा असताना त्या तिथे जाऊन वाजवून आल्या. हाती आलेला पैसा गरजूंना वाटून टाकीत. इतक्या मोठ्या कलावती, पण स्वतःचा पियानो नव्हता, भाड्याचा असे. हे वाचले तेव्हा मला माझी बाजाची पेटी आठवली. लग्नानंतर ती माळ्यावर गेली, ती वीस वर्षे तिथेच आहे.

बाख, बेथोव्हेन तर त्या वाजवीतच, पण ज्यांच्यावर सरकारची नाराजी, अशा नव्या संगीतकारांच्या रचनाही हट्टाने वाजवीत. एकदा वादन संपल्यावर त्यांनी पास्तरनाक यांच्या कविता रंगमंचावरून वाचल्या. तेव्हा काही वर्षे त्यांचे कार्यक्रमच बंद झाले. १९६६ मध्ये बंदी उठली. बाई पुन्हा पियानोपुढे बसल्या. १९ नोव्हेंबर १९७० रोजी मॉस्कोत त्या वारल्या. त्यांच्या वादनाच्या ध्वनिमुद्रिका आजही ऐकायला मिळतात.